पाठीचं अस्तर

१

दुपारी साडेबाराला आमच्या इमारतीतले सगळे दिवे मालवतात. जेवणाचा डबा आटोपला की प्राध्यापक असो नाहीतर झाडूवाली, टेबलावर हाताची उशी करायची आणि तासभर झोपायचं. इथे सगळीकडे तसंच आहे, बँकेतसुद्धा. जिन्यात, व्हरांड्यात, कुठेच चिटपाखरू नसतं. फक्त तळमजल्यावरच्या शीतगृहाची घरघर ऐकू येते.

मी मात्र त्या तासाभरात फरशी पुसून घ्यायची. कुणाच्या पायात यायला नको.

मी थोआ. माहेर व्हिएतनामचं, खाडीकाठचं. सातवीनंतर शाळा सुटली आणि कोटांच्या कारखान्यात अस्तरं शिवायला बसले. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन तैवानला आले. नवरा खडीचा ट्रक चालवतो. रुई झाली, ती तीन वर्षांची झाली, आणि मला वैद्यकीय कॉलेजात सफाईचं काम लागलं. शरीर शिकवतात त्या विभागात.

कामाच्या पहिल्या दिवशी लायदादांनी मला दारातच थांबवलं. शीतगृह आणि मोठा हॉल त्यांच्या ताब्यात. तोंडात कायम सुपारी.

"आत गेल्यावर आधी काय करायचं?"

"बादली भरायची?"

"आधी नमस्कार करायचा! गुरुजी झोपलेत म्हणून काय झालं? 'गुरुजी, सुप्रभात, मी थोआ, आज फरशी पुसणार आहे', असं मोठ्यानं सांगायचं. न सांगता कुणी तुझ्या खोलीत घुसलं तर चालेल का तुला?"

ज्यांनी मरणाआधी आपलं शरीर शिकणाऱ्या मुलांसाठी लिहून दिलं, त्यांना इथे गुरुजी म्हणतात. बाईमाणूस असलं तरी गुरुजीच. मुलं त्यांच्या घरी जाऊन येतात, काय आवडायचं, कशाचा राग यायचा ते विचारून येतात. वर्ष संपलं की शरीरातून काढलेलं सगळं, अगदी नखाएवढंसुद्धा, ज्याचं त्याला परत द्यायचं, शिवायचं, पांढरे कपडे घालायचे आणि खांद्यावरून पोचवायचं.

मला आधी भीती वाटली. मग सवय झाली. मग खरं सांगायचं तर तिथलं बोलणं मला घरच्या बोलण्यापेक्षा आवडायला लागलं. घरी मला सुप्रभात कोण म्हणतंय?

२

वरच्या मजल्यावर येह बाईंची खोली. पन्नाशीच्या, बारीक, केस मुलासारखे कापलेले. कातडीखाली आणि स्नायूंवर एक पांढुरका पडदा असतो, त्याचा त्या अभ्यास करायच्या. त्याला त्यांच्याकडे लांबलचक नाव आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हटलं, "हे तर अस्तर आहे."

बाई वळल्या. मला वाटलं, आता ओरडतात.

"पुन्हा म्हण."

"अस्तर, बाई. कोटाला असतं ना आतून. वरचं कापड मिरवतं, पण कोट अंगावर बसतो तो अस्तरामुळे. ते नसलं तर बाही अडकते, खांदा उतरतो."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, "शंभर वर्षं डॉक्टर लोक हे खरवडून बादलीत टाकत आले, थोआ. आतला स्नायू दिसावा म्हणून. आणि तू सातवी शिकलेली, तुला एका नजरेत कळलं."

त्या दिवसापासून त्या मला दाखवायला लागल्या. तळपायापासून निघालेलं हे अस्तर टाचेला वळसा घालून पोटरीवर, मांडीवर, पाठीवर आणि थेट कपाळापर्यंत जातं. कुठे सुरू नाही, कुठे संपत नाही. एका जागी ओढ बसली की ते ती ओढ एकट्याने सोसत नाही, शेजारच्याला देतं, शेजारचं पुढच्याला. आणि आयुष्यभर जिथून ओढ आली त्या दिशेने त्याचे धागे लागतात.

"न्हाव्याचा खांदा मी डोळे मिटून ओळखीन," बाई म्हणायच्या. "माणूस खोटं बोलेल, हे बोलत नाही."

मला माझ्या रुईची आठवण व्हायची. रुईचं अस्तरच ढिलं विणलेलं. जन्मापासून. हाताला धरून उचललं तर खांदा निसटायचा. रोज पाय ठणकायचे. बालवाडीतून आठवड्यातून दोनदा फोन यायचा, "घेऊन जा, रडतेय." मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, वाढेल तसं बघू. बघू म्हणजे काय, ते आईलाच ठाऊक.

३

त्या वर्षी तीन नंबरच्या टेबलावर चुंग आमा होत्या. आमा म्हणजे आजी. एकोणऐंशी वर्षांच्या, डोंगराकडच्या गावच्या. त्यांचा मुलगाच म्हणाला होता, "गुरुजी बिरुजी म्हणू नका, आई लाजेल. आमा म्हणा."

ऑक्टोबरात येह बाईंनी आमांच्या पाठीचं अस्तर अख्खं उतरवलं, मानेच्या खालपासून कमरेपर्यंत, एका तुकड्यात. तीन दिवस लागले. वर आणून एका मोठ्या सपाट ट्रेमध्ये पाण्यासारख्या औषधात पसरलं आणि खालून दिवा लावला.

मी एवढी वर्षं अस्तरं शिवली. रेशीम पाहिलं, साटीन पाहिलं. असं कापड मी पाहिलं नव्हतं. मोत्यासारखं, आणि त्यात धागे असे तिरपे, एकमेकांना छेदून गेलेले, दोन्ही खांद्यांवरून कमरेकडे.

"हे बघ," बाई हळूच म्हणाल्या. "इथे आणि इथे जाड. पट्ट्यासारखं. काय बांधत असतील?"

मला लगेच कळलं. "मूल. झोळीचं कापड असंच जातं ना. मुलाच्या बुडाखालून आपल्या खांद्यावर, आणि छातीवर गाठ."

विद्यार्थ्यांना भेटायला आलेल्या आमांच्या मुलाने तेच सांगितलं. स्वतःची सहा, जावेची तीन, शेजारणींची किती ते मोजलंच नाही. पाठीवर मूल घेऊन भात लावला, डुकरांना खायला घातलं, स्वयंपाक केला. मुलगा हसत म्हणाला, "आमच्या आईची एक खोड होती. कुणी म्हटलं 'आमा, जरा धरा', की घेतलंच. पण खाली कधी ठेवायचं ते तिला कळायचं नाही. मुलाच्या आईने येऊन सांगायचं, 'ठेवा आता', तेव्हा ठेवायची. एकदा शेजारीण बाजारात गेली ती मुक्कामीच राहिली. आई दोन दिवस ते पोर पाठीवर घेऊन."

"मग झोपल्या कशा?" मी विचारलं.

"बसून."

शिकणारी मुलं हसली. मीही हसले.

४

नोव्हेंबरातली गोष्ट. बालवाडीतून फोन आला. रुईला घेऊन आले, घरी कुणी नाही, सासूबाई देवळाच्या सहलीला. लायदादांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

"वर बाईंच्या खोलीत ने. बाई परगावी आहेत. हॉलमध्ये आणलीस तर माझ्याइतका वाईट नाही कुणी."

दिवे मालवले होते. मी रुईला बाईंच्या घडीच्या खाटेवर निजवलं. ती रडत होती, मोठ्यानं नाही, झिजल्यासारखी. पाय, आई, पाय. मी पाय चेपत होते आणि घड्याळ बघत होते. अर्धी इमारत पुसायची होती. तेल लावलं. सुका मुळा घालून तळलेलं अंडं भरवलं, ते ओकली. पंचवीस मिनिटं गेली.

ट्रेवर पांढरं कापड होतं. सकाळी मी त्याला नमस्कार केला होता. रोज करायची, मोठ्यानं, नाव सांगून. आपण रोज ज्याच्याशी बोलतो त्याच्याशी बोलताना विचार कोण करतं? बादली उचलली, दाराकडे गेले आणि वळून, जशी शेजारच्या म्हातारीला म्हणाले असते तशी म्हणाले,

"आमा, जरा धराल का हिला? एवढी फरशी होईपर्यंत."

आणि गेले.

जिना पुसला, व्हरांडा पुसला, तेव्हा लक्षात आलं की रडणं थांबलंय. धावत आले. रुई पालथी झोपली होती. गाल एका बाजूला वळलेला, तोंड उघडं, ओठावर लाळ. चार वर्षांत ती अशी झोपलेली मी पाहिली नव्हती.

मी ट्रेला वाकून नमस्कार केला. हसत. "आभारी आहे हो आमा."

"ठेवा आता" मात्र म्हणाले नाही. तसं म्हणायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड बदलताना दिसलं, अस्तराच्या मधोमध खळगा पडला होता. उथळ, ताटाएवढा.

हे अस्तर औषधात मुरलेलं. ते वाकत नाही, सरकत नाही. मी विचार केला, ट्रे वाकला असेल. दुसरा ट्रे आणला, खाली लाकूड ठेवून पातळी बघितली. दुपारपर्यंत खळगा परत. मग वाटलं औषध आटलं. भरलं. मग वाटलं, मी दमलेय.

लायदादांना बोलावलं. ते सुपारी चघळत बघत राहिले.

"तुझ्या बादलीचा धक्का लागला असेल."

"नाही लागला."

"मग आमांनी कूस बदलली असेल!" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. पण जाताना दारातून वळून ट्रेला वाकले. येताना वाकले नव्हते.

रुई बरी होत होती. बालवाडीतून फोन येईनात. पाय ठणकत नव्हते. खांदा निसटत नव्हता. ती मान ताठ ठेवून बसायला लागली, जिना एका दमात चढायला लागली. नवरा म्हणाला, "माझ्या आईने देवाला नवस बोलला होता, तो पावला." मी म्हटलं, हो, तसंच.

पण मी आई आहे, माझी नजर थांबत नाही. आंघोळ घालताना तिच्या मांड्यांच्या मागे लाल पट्टा दिसला. रुंद, चार बोटांचा. तसाच एक पाठीवर. जवळून पाहिलं तर त्यात कापडाची वीण उमटली होती, आडवे उभे धागे. तसलं जाड सुती कापड आमच्या घरात नाही.

"रुई, हे कशानं झालं?"

"बांधलंय," ती म्हणाली. फुगे उडवत.

६

येह बाईंनी तिचे सांधे तपासायला बोलावलं. त्यांना फार आनंद झाला होता. सोनोग्राफीचं यंत्र ओढून आणलं, रुईच्या पाठीवर जेल लावलं आणि मला पडद्यावर दाखवायला लागल्या. "बघ, हे सरकतंय कसं, एकावर एक. दोन महिन्यांपूर्वी मी पाहिलं तेव्हा हे ओल्या कागदासारखं होतं. थोआ, काय केलंस तू?"

मग पालथं घातलेलं पोर उताणं केलं आणि पोटावर ते फिरवलं.

"ही कातडी. ही चरबी. हे अस्तर, पातळ, मुलांचं असतं तसं." बाईंचं बोट पडद्यावर सरकत होतं. "आणि हे..."

पोटाच्या कातडीच्या वर, जिथे फक्त जेल असायला हवं, तिथे एक जाड पांढरी रेघ होती. धागे तिरपे, दोन्हीकडून येऊन छेदणारे. बाईंनी जेल पुसलं, परत लावलं. रेघ तिथेच. रुईने श्वास घेतला की ती हलायची नाही. ती आपल्या वेगळ्या लयीत हलायची, सावकाश.

बाईंनी यंत्र बंद केलं. "जुनं झालंय," म्हणाल्या. खूप वेळ हात पुसत राहिल्या. मग त्या ट्रेपाशी गेल्या, कापड बाजूला केलं आणि कमरेत पार वाकून नमस्कार केला. मी बाईंना इतकं वाकलेलं कधी पाहिलं नाही, कॉलेजच्या अध्यक्षांपुढेसुद्धा नाही.

त्या दिवसापासून त्यांनी त्या अस्तरावर सुरी लावली नाही. नमुने घ्यायचे राहिले होते. घेतले नाहीत.

७

डिसेंबरातल्या एका दुपारी, बालवाडीला सुट्टी म्हणून बाईंच्या खोलीत निजवलेल्या रुईने झोपेत अंथरूण ओलं केलं. घडीची खाट, दिवे मालवलेले, पडद्यातून येणारा राखाडी उजेड. ती नेहमीसारखी पालथी, हात दोन्हीकडे सोडलेले, पाय फाकलेले.

ओली चादर काढायची म्हणून मी एक टोक धरून हळूच ओढलं. मुलाखालची चादर ओढणं म्हणजे काय ते आयांना माहीत असतं. आधी ती अडते, मग आपण एका हाताने मूल उचलतो, मग ती येते.

ती अडलीच नाही. सरळ निघून आली. रिकाम्या पलंगावरून यावी तशी.

मी चादर हातात धरून उभी राहिले. मग गुडघ्यावर बसले आणि पोरीच्या पोटाखाली हात घातला. चार बोटं आरामात गेली. वर तिचं पोट, खाली खाट, मध्ये माझा हात. हाताला काही लागत नव्हतं. फक्त ऊब होती, आणि धुरावर वाळवलेल्या गवतासारखा वास.

आणि खाली, माझ्या बोटांवर, कुणाचा तरी संथ श्वास वर खाली होत होता.

मी ओरडले नाही. पोर उठली असती. कोरडे ओठ चाटले आणि म्हणाले, "आमा. फरशी झाली माझी. ठेवा आता हिला."

लगेच ठेवलं. एवढ्या अलगद की मीसुद्धा तसं ठेवलं नसतं. खाट करकरली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा करकरली.

आणि रुई किंचाळली.

तीन दिवस ती रडली. झोपेत कूस बदलली तरी खांदा निसटायचा. आवाज बसला, तरी ओठ हलत राहायचे, पाय, आई, पाय. नवरा तिला छातीशी धरून अंगणात फेऱ्या मारायचा आणि मला म्हणायचा, "बरी होती ना? बरी होती ना गं? तू काय केलंस?"

चौथ्या दिवशी मी तिला घेऊन वर गेले. ट्रेमधलं अस्तर सपाट होतं, आरशासारखं. मी मान खाली घातली. मला लाज वाटत होती. कुणाकडे परत मागायला जाताना वाटते तशी.

"आमा, चुकलं माझं. धरा हिला."

हातातलं पोर हलकं झालं.

८

जानेवारीत वर्ष संपलं. परतीचे दिवस आले.

शिवणकामाला येह बाईंनी मलाच घेतलं. मुलांचे टाके जाडेभरडे, आणि आमांच्या पाठीला तसले टाके त्यांना नको होते. आमांना पालथं निजवलं होतं. आम्ही दोघींनी ते अस्तर ट्रेमधून उचललं आणि जागच्या जागी अंथरलं. खळग्यासकट. मी आतून टाके घालत गेले, बारीक, न दिसणारे, कोटाला घालतात तसे.

कमरेपाशी आले तेव्हा सुई थांबली. अस्तर एकदम ताणलं गेलं, वर सरकलं आणि परत बसलं. पाठीवरचं मूल घसरायला लागलं की आपण एक हिसका देऊन वर घेतो ना, तसं.

येह बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"शिव," त्या म्हणाल्या.

मी शिवलं. पण माझ्या मनात एकच गोष्ट होती. उद्या यांना अग्नी देणार. त्या जातील तेव्हा पाठीवर कोण असेल?

वेळ होती. उद्या सकाळपर्यंत कधीही म्हणता आलं असतं, "ठेवा आता." ते तीन दिवस आठवायचे आणि मी पुढचा टाका घालायची.

९

स्मशानात मी रुईला घेऊन गेले. लायदादा पार भडकले. "अक्कल गहाण ठेवलीस का? लहान पोराला इथे आणतात?"

"घरी कुणी नाही."

"तुझ्या घरी कधीच कुणी नसतं!"

पण त्यांनीच अंगातलं जॅकेट काढून तिच्या डोक्यावर घातलं. बाहेर समुद्रावरचा वारा होता. रुई माझ्या खांद्यावर झोपली होती, कापसाच्या गाठोड्याएवढी हलकी.

मुलांनी खांद्यावरून पेटी आणली. आमांचा मुलगा पुढे. पेटी लोखंडी दारासमोर ठेवली. इथली रीत अशी की पेटी आत सरकताना घरच्यांनी ओरडून सांगायचं, आग आली, पळा. नाहीतर आत्म्याला कळत नाही, तो आतच बसून राहतो.

दार वर गेलं. मला ठाऊक होतं, हीच वेळ. दोन शब्द. ठेवा आता. पोर माझी, आई मी, माझं ऐकून त्या ठेवतील. आगीतून पोर सुटेल आणि उरलेलं आयुष्य रडेल. नाही म्हटलं तर...

"आई!" मुलगा ओरडला. "आग आली, पळ!"

"आमा, आग आली, पळा!" सगळी मुलं ओरडली, रडत. येह बाई ओरडल्या. लायदादाही ओरडले, त्यांचा आवाज चिरकला.

मी तोंड उघडलं.

"आमा!" मी ओरडले. "आग आली, पळा! पोरीला घट्ट धरा!"

कुणी वळून पाहिलं नाही. फक्त येह बाईंनी माझा दंड पकडला.

दार खाली आलं. आणि माझ्या खांद्यावर रुई उसळायला लागली. मी हलत नव्हते. ती उसळत होती, धप, धप, धप, कुणीतरी पायवाटेनं धावत असताना पाठीवरचं पोर उसळतं तशी. तिचे केस मागे उडत होते, वाऱ्याच्या उलट दिशेला. कपाळ तापलं. गाल लाल झाले. तिने डोळे उघडले नाहीत, फक्त दोन्ही मुठी आवळल्या, समोरच्या कशाला तरी धरून.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. बाई नंतर म्हणाल्या, अकरा मिनिटं. त्या घड्याळ बघत होत्या. त्यांना ती सवयच.

मग उसळणं मंदावलं. चालल्यासारखं झालं. मग थांबलं. रुईने सुस्कारा सोडला आणि झोपेतच हसली.

एकोणऐंशी वर्षांची बाई. मी अजूनही कधी कधी तेच मनात आणते. एकोणऐंशी वर्षांची, आणि काय धावली.

१०

या गोष्टीला चार वर्षं झाली. रुई आठ वर्षांची आहे, दुसरीत. शाळेच्या शर्यतीत पळते. खांदा एकदाही निसटलेला नाही. येह बाई दर सहा महिन्यांनी तिला तपासतात, पाठीवरूनच, पोटावर यंत्र लावत नाहीत. वहीत लिहून ठेवतात आणि निघताना तिच्या समोर वाकतात. रुईला वाटतं बाई गमतीदार आहेत.

रविवारी दुपारी सगळे झोपले की मी तिच्या पोटाखाली हात घालून बघते. आधी चार बोटं जायची. पोर वाढतेय, अंगाने भरतेय. गेल्या वर्षी तीन जायची. पावसाळ्यात दोन. श्वास अजून लागतो, पण आता तो संथ नाही. चढ चढताना लागतो तसा आहे.

मी बाईंना विचारलं होतं, "फार ओढ बसली तर अस्तर फाटतं का हो?"

"सहसा नाही," त्या म्हणाल्या. "शेजारच्याला देतं." मग वही मिटत म्हणाल्या, "शेजारी कुणी असलं तर."

या रविवारी एक बोट गेलं. तेही जेमतेम.

नवरा आत घोरत होता. मी बादली भरून ठेवली होती, फरशी राहिली होती. मी खाटेला पाठ करून जमिनीवर उकिडवी बसले, हात मागे केले आणि शेजारणीला म्हणावं तसं म्हणाले,

"आमा, दमलात तुम्ही. द्या इकडे. मी धरते थोडा वेळ."

मागे खाट करकरली नाही. आधी खांद्यावर दोन हात आले. सुरकुतलेले, हलके, धुराचा वास असलेले. मग पाठीवर वजन आलं, सावकाश, अवघडल्यासारखं. कुणाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी उचलून घेत असावं तसं. ते रुईचं वजन नव्हतं. रुईचं त्याच्या मागून आलं.

मी जमिनीला हात टेकून उठले, पाठीला एक हिसका देऊन दोघींना नीट वर घेतलं, आणि फरशी पुसायला लागले.